धुयाळीची ओटी

मु. गुंजवणे
गुरुवार, १ जानेवारी १९५९

प्रिय पारूआक्का,

पाकिटावर माझं नाव वाचलंस आणि तशीच चुलीकडं वळलीस, तर जरा दम धर. आधी वाच, मग हवं तर जाळ. तू वाचायला शिकलीस हे मला मागच्या बाजारी नसरापूरला कळलं. तुमच्या उत्रोलीचे चिमाजी गुरव भेटले. म्हणाले, पारूबाई साक्षरतेच्या वर्गात पहिल्या ओळीत बसते आणि मास्तरांच्याच चुका काढते. मला इतकं हसू आलं की हातातली मिरच्यांची पिशवी सांडली, आणि वेचता वेचता डोळ्यांत पाणीही आलं. मिरच्यांनी आलं असं मी गुरवांना सांगितलं. अगं, मला खांद्यावर घेऊन तू डोंगर उतरून शाळेत सोडायचीस आणि शाळा सुटेपर्यंत बाहेर पिंपळाखाली बसून राहायचीस. तुला आत ये म्हणून कुणी म्हटलं नाही, मीही नाही. तेव्हा हे माझं तुला पहिलं पत्र. सहा वर्षांत आपल्यात एक शब्द नाही, आणि दुसऱ्या कुणाला मधे घालून वाचून घ्यावं असं हे बोलणंही नव्हतं. अक्षर मोठं काढतोय. तरी अडलंस तर मास्तरांना विचारू नकोस, नुसती पुढं जा.

आता खरी बातमी. आक्का, धुयाळी उगवली! एक नाही, दोन नाही, अकरा! गेले दहा दिवस मी झोपेतून उठून बोटं मोजतोय. सोजरा म्हणते, बाप झालात तेव्हा एवढे नाचला नव्हता. खरंच नव्हतो.

तुला धुयाळी काय सांगायची? आपल्या धनगरवाड्याच्या वर, कड्याच्या टोकाला, जिथं धुई उतरली की आपला हात आपल्याला दिसत नाही, तिथली ती छातीएवढी झुडपं. पानांवर मऊ लोकर, त्या लोकरीला धुई लागायची आणि थेंब थेंब खाली गळायची. आई बुंध्याशी मडकं ठेवायची आणि सकाळी ते भरलेलं असायचं. आपल्याला वाटायचं, असली झुडपं सगळ्याच डोंगरांवर असतात. मीही तसंच समजत होतो. मग एक्कावन्न साली ते पुण्याचे प्रोफेसर आले. तुला आठवतात ना, नाचणीची भाकरी काट्या-चमच्यानं खायला बघणारे? त्यांनी धुयाळी पाहिली आणि चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग मला म्हणाले, हैबतराव, हे झाड आजवर कुणी कागदावर लिहिलेलं नाही, आणि या एका कड्याशिवाय ते कुठं असेल असं मला वाटत नाही. तेव्हा संस्थान जाऊन तीन वर्षं झाली होती, माझ्या अंगावर नव्या सरकारचा खाकी सदरा होता, आणि रखवालदाराचा फॉरेस्ट गार्ड झाल्याची ऐट डोक्यात होती. आपल्या डोंगरावर जगात कुठं नाही असं काही आहे, आणि त्याचा राखणदार मी! आक्का, मी त्या दिवशी धावत खाली आलो आणि वाटेत दोनदा पडलो.

पुढचं तुला माहीत आहे, पण ते मी कधी माझ्या तोंडानं तुझ्यासमोर बोललो नाही, म्हणून लिहितो. झुडपं सातच उरली होती. ती का वाढत नाहीत असं रेंजर साहेबांनी विचारलं, आणि मी, धनगराचा पोर, शेरडांच्या लेंड्यांत रांगून मोठा झालेला, मीच रिपोर्टात लिहिलं की शेळ्या फळं खातात म्हणून बी नाहीसं होतं. कुणी मला तसं लिहायला सांगितलं नव्हतं. त्यात आईच्या ओटीचीही मी टवाळी केली. पौषातल्या दुसऱ्या आदितवारी वाड्यावरच्या बाया गाभण शेळ्यांची धुयाळीच्या फळांनी ओटी भरतात, शेळीला पदर नसल्यामुळं ओटी तोंडातच भरावी लागते, असं लिहिलं होतं मी. रेंजर साहेब खो खो हसले आणि मला फार हुशार असल्यासारखं वाटलं. त्या रिपोर्टावरून हुकूम निघाला. वरचा सगळा माळ बंद, कुंपण घालायचं, वाडा उठवायचा. हुकूम बजावायला दुसरा माणूस येणार होता. मीच म्हणालो, माझी माणसं आहेत, मी समजावतो.

सहा वर्षं मी ते कुंपण राखलं. एक शेळी आत जाऊ दिली नाही. गुंजवण्याच्या गेनबांचा बोकड एकदा घुसला, तर मी त्याच्यामागं एवढा धावलो की बोकड सुटला आणि मीच काटेरी तारेत अडकलो. आणि झालं काय? एक रोप नाही. दर पावसाळ्यात मी गुडघ्यावर बसून बुंध्याखालची माती चाळायचो. फळं गळायची, कुजायची, आतली आठळी दगडासारखी तशीच पडून राहायची. प्रोफेसरांनी पुण्याला कुंड्यांत लावून पाहिली, कोमट पाण्यात भिजवली, कानसीनं घासली. एक कोंब आला नाही. त्यात छप्पन सालच्या दरडीत चार झुडपं खाली गेली. मग दोन उभ्या उभ्या वाळली. उरली ती एकटी, कड्यावरची थोरली, जिच्या बुंध्याला तू लहानपणी मला दाव्यानं बांधून ठेवायचीस. तीही आता आतून पोकळ झाली आहे. एका बाजूनं पानं झडली. या मार्गशीर्षात तिला फळं मात्र धरली, अंगाला पेलणार नाहीत इतकी. प्रोफेसरांचं पत्र आलं की मरायला टेकलेलं झाड कधी कधी असं करतं. मी ते पत्र खिशात घालून चार दिवस थोरलीभोवतीच फिरत राहिलो.

आणि मग गेल्या महिन्याच्या एकवीस तारखेला, सकाळी, कुंपणाच्या दोन मेढी मोडल्या म्हणून मी जुन्या वाड्यावर गेलो. शेरडं कोंडायच्या आपल्या वाडग्याच्या मेढी अजून धड असतील, त्यातल्या दोन उपटाव्यात असा विचार. खरं सांगतो, सहा वर्षांत त्या बाजूला मी पाऊल टाकलं नव्हतं. लांबचा फेरा घेऊन जायचो. वाडगं करवंदीनं आणि वाळक्या रानतेरड्यानं गच्च भरलेलं. कोयत्यानं वाट काढत आत शिरलो, तर हाताला मऊ लागलं. आधी वाटलं, ससा. मग पाहिलं तर पान. लोकरीचं पान! मी कोयता टाकून दिला. हातापायांवर रांगत एकेक झाडामागं एकेक शोधलं. कंबरेएवढी, तजेलदार, अकरा धुयाळी, आपल्या शेरडांच्या वाडग्यात! मी मोठ्यानं ओरडलो. ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून परत ओरडलो. मग टोपी तिथंच विसरून खाली पळालो. सोजरा अंगणात भात कांडत होती. माझा अवतार बघून तिनं मुसळ उचललं आणि म्हणाली, कुठाय वाघ? आन तुमी असं हसताय काय?

आक्का, तू मला ढ म्हणायचीस, पण आता जरा ऐक. धुयाळी दर पावसाळ्यात एकच पेर टाकते, हे आई सांगायची, आणि प्रोफेसरांनी ते भिंग लावून खरं ठरवलं होतं. मी दुसऱ्या दिवशी परत वर जाऊन पेरं मोजली. पहिल्या झाडाला सहा. दुसऱ्याला सहा. अकराच्या अकरांना सहा, एकालाही पाच नाहीत की सात नाहीत. म्हणजे सगळी त्रेपन्नच्या पावसाळ्यातली. म्हणजे बी त्रेपन्नच्या पौषातलं. त्या पौषात वाडग्यात काय झालं होतं, ते तुला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे. मी तिथंच लेंड्यांच्या मातीत बसून राहिलो. उन्हं डोक्यावर आली तरी उठवेना.

प्रोफेसरांना तार केली. ते आता काठी टेकत चालतात, तरी तिसऱ्या दिवशी हजर. दम खात, बसत, एकदा माझ्या पाठीवर, असे वर पोचले. वाडग्यात गुडघ्यावर बसले, लेंड्यांची माती चिमटीत घेतली, वास घेतला आणि म्हणाले, हैबतराव, सहा वर्षं आपण दोघं गाढव होतो. मी म्हटलं, साहेब, तुम्ही निदान पुण्याचे गाढव आहात, मी तर वाड्यावरचा. आठळी शेळीच्या पोटातून गेल्याशिवाय तिचं कवच मऊ होत नाही, तिला कोंब फुटत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी मग विचारलं, ओटी भरल्यावर बाया त्या शेळ्यांचं काय करायच्या? मी सांगितलं, तीन दिवस वाडग्याबाहेर काढायच्या नाहीत असा दंडक होता. आणि तिथलं खत? पाडव्याच्या आधी बाया पाट्या भरून कड्याच्या वाटेनं नाचणीच्या वावरात न्यायच्या. मी हे बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं. आक्का, ती सातही झुडपं कड्याच्या वाटेला लागूनच होती! पाट्यांतून सांडलेल्या खतातली होती ती. आई, आईची आई, तिचीही आई, डोक्यावर पाट्या घेऊन धुयाळी पेरत गेल्या, आणि आम्ही दोघं शिकलेले तिथं तार ठोकत बसलो.

आता घोर आहे तो एवढाच. थोरलीवर या वेळी जी फळं आहेत ती बहुधा शेवटची. पौषाच्या मध्यापर्यंत ती पिकून गळतील. त्याआधी ती शेळ्यांच्या पोटात गेली पाहिजेत. अकरा झाडं म्हणजे एका दरडीचा घास, साताची एक व्हायला किती वेळ लागला ते मी पाहिलं. त्यांना फळ धरायला अजून किती वर्षं, कुणाला ठाऊक नाही. मी म्हटलं, त्यात काय, मी आहे ना! गेनबांची एक शेळी मागून आणली, तिच्यापुढं ओंजळभर फळं धरली. तिनं हुंगलं, शिंकली, आणि माझ्या टोपीचा चामडी पट्टा खाल्ला. दुसरी आणली, तिनंही तोंड फिरवलं. कडू असतं ना ते फळ! आई त्याला काहीतरी चोळायची. मीठ? भाजलेल्या नाचणीचं पीठ? की ताकात बुडवायची? एका शेळीला किती? आधी पाणी पाजायचं की नंतर? मला काही म्हणजे काही ठाऊक नाही. ओटीच्या वेळी तुम्ही बाया आम्हां पुरुषांना वाडग्याबाहेर हाकलायच्या, आणि मी कुडाच्या फटीतून बघायचो ते फक्त गूळ कधी वाटतात एवढंच. सरकारी कागदांच्या कपाटात हे लिहिलेलं नाही. वाड्यावरच्या त्या बायांपैकी आई गेली. मोठ्या काकू गेल्या. जगात हे जाणणारी आता एकच बाई उरली आहे, आणि ती उत्रोलीला मास्तरांच्या चुका काढत बसली आहे.

त्रेपन्नच्या पौषाबद्दल आता लिहितो. पुढं ढकलत होतो, तुझ्या लक्षात आलंच असेल. हुकमाची मुदत संपली होती. आई म्हणाली, चार दिस थांब, आदितवारी ओटी भरते, मग जातो. मी थांबलो. आदितवारी तिनं ओटी भरली, आणि मग म्हणाली, आता तीन दिस शेरडं हलवायची न्हाईत, बाबा. मी घड्याळ दाखवलं. तिनं वाडग्याच्या दाराला पाठ लावली आणि खाली बसली. तू तिला भाकरी आणून दिलीस. मी पहिला दिवस कसाबसा काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांचा शिपाई वर येताना दिसला, आणि त्याच्यासमोर माझी लाज जाईल म्हणून मी आईच्या दंडाला धरून तिला बाजूला केलं. दाराच्या काठ्या उपटल्या. शेळ्या मी स्वतः हाकलल्या. दंडाला धरलं, आक्का. जोरात धरलं होतं. आई एक शब्द बोलली नाही, तेव्हाही नाही आणि पुढं आषाढात उत्रोलीला तुझ्या घरी तिनं डोळे मिटेपर्यंतही नाही. दहाव्याला तू चार लोकांत म्हणालीस, तुजं झाड तुला लखलाभ, आमच्या दारात पाय ठिवू नगं. मी ठेवला नाही. तू बरोबर बोललीस. मी चुकलो, आईशी चुकलो, तुझ्याशी चुकलो. हे मी सहा वर्षं मनात म्हणतोय, आज लिहिलं. आणि ही अकरा झाडं त्याच दीड दिवसातली आहेत. ती दाराशी बसली नसती तर एकही नसतं. मी तिला तीन दिवस बसू दिलं असतं तर कदाचित बावीस असती.

म्हणून हे पत्र. प्रोफेसरांनी वरपर्यंत भांडून परवाना आणला आहे, पंधरा शेळ्या, पौष आणि माघ, बंद माळावर. परवान्यावर नाव कुणाचं घालायचं असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी घातलं, पारूबाई भ्रतार म्हादू मरगळे. कागद सोबत ठेवला आहे, स्वतः वाच, तुझं नाव बघ. दुसरा आदितवार अठरा तारखेला आहे. तुझ्या दावणीला आईच्या शेळ्यांचीच पैदास आहे असं गुरव म्हणाले. दाजींना घेऊन निघालीस तर पहिला मुक्काम वरव्याला सोजराच्या माहेरी कर, त्यांना सांगून ठेवलं आहे, शेळ्यांना पाला आणि तुम्हांला पिठलं तयार असेल. गुंजवण्यात माझ्या घरी उतरायचं नसेल तर सरळ वर जा, मला राग नाही. कड्याकडचं कुंपण मी माझ्या हातानं सोडलं आहे. जुन्या वाडग्यात आईची झाडं आहेत, म्हणून त्याला लागून नवं वाडगं बांधलं आहे. मेढी रोवल्या, कूड विणला, तू नावं ठेवशील इतका वाकडा विणला. दार तेवढं केलेलं नाही, काठ्या तोडून बाजूला रचून ठेवल्या आहेत. दार तू लाव. ओटी भर, आणि दाराला पाठ लावून बस. साहेब येवोत, शिपाई येवो, मी बाहेर उभा आहे. तिसरा दिवस मावळेपर्यंत त्या दाराला कुणी हात लावणार नाही.

तुझाच,
ज्याला तू धुयाळीला बांधून ठेवायचीस तो,
हैबती